नॅचरल ब्लॅक म्हणजे नेमका कुठला काळा? १ नंबर लावावा की ३?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. केसांच्या कलरच्या शेडबद्दल विचारायचंय. जुने धागे चाळले पण सगळीकडं केसगळती आणि कोंडाच आहे, काळ्यातला कुठला काळा घ्यायचा हे कुणी नीट लिहिलेलं दिसलं नाही.

माझं वय ४६, रंग गव्हाळ. केस मूळचे काळे, पण लहानपणी उन्हात थोडे तांबूस दिसायचे. आता पुढनं आणि कानाजवळ निम्म्याहून जास्त पांढरे झालेत, मागं अजून बऱ्यापैकी काळे आहेत. दोनेक वर्षं नॅचरल ब्लॅक म्हणून जो मिळतो तोच लावतेय. पांढरे झाकतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण लावल्यावर चेहरा उतरल्यासारखा दिसतो, डोळ्याखालचं काळं जास्त उठून दिसतं आणि फोटोत केसांचा नुसता एक काळा गठ्ठा दिसतो, बटा वेगळ्या दिसतच नाहीत. नावात नॅचरल आहे आणि दिसतंय मात्र रंगवलेलं, हे कसं काय?

तुळशीच्या लग्नानंतर भाच्याचं लग्न आहे निपाणीला. त्याआधी नीट काय ते ठरवायचंय. १, ३, ४ हे नंबर कशाचे? ब्लू ब्लॅक कुणाला बरा दिसतो? अमोनिया फ्री म्हणजे त्रास होत नाही का? इकडं दुकानात दोन-तीनच प्रकार मिळतात, शनिवारी बेळगावला जाणार आहे तेव्हा बघून आणीन. सविस्तर सांगा कुणीतरी.

शहापूरकरीण

३ घे ताई. माझ्या मोठ्या बहिणीचा रंग तुझ्यासारखाच गव्हाळ, ती ३ वर आली आणि घरच्यांनी विचारलं की झोप चांगली झाली काय गे आज. कलर केलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाकीचं जाणकार सांगतीलच.

निपाणीचा मामा

लग्न आमच्या निपाणीत म्हणजे तुम्ही आमच्याच पाहुण्या झाला की. मला पण ह्याच धाग्यावर विचारून घेतो. डोक्याला पुडीतली पावडर डाय लावतो, ते ठीक दिसतं, पण मिशीला लावली की लई काळीकुट्ट दिसते आणि वरचा ओठ पण दोन दिवस काळा राहतो. मिशीला वेगळी शेड असते काय?

वडगावची अक्का

मी बेळगावात वडगावला पार्लर चालवते. हा प्रश्न माझ्याकडं जवळजवळ रोज येतो म्हणून जरा लांब लिहिते, वाचा सावकाश.

पहिलं म्हणजे नंबर. डब्यावर जो पहिला आकडा असतो तो फक्त गडदपणा सांगतो. १ म्हणजे काळा, सगळ्यात गडद. २ म्हणजे जवळजवळ काळा, पण कडा मऊ. ३ गडद ब्राऊन, ४ मध्यम ब्राऊन, ५ फिकट ब्राऊन, आणि असं १० पर्यंत चढत जातं, तिथं अगदी फिकट सोनेरी. काही कंपन्या १००, २००, ३०० असं लिहितात, तिथंही पहिलाच आकडा बघायचा. पॉइंटच्या पुढचा आकडा म्हणजे झाक. शून्य असला किंवा काहीच नसलं तर साधा, कुठलीच झाक नाही. बहुतेक कंपन्यांत .१ म्हणजे राखी-निळसर, .३ सोनेरी, .४ तांब्याची, .५ महोगनी म्हणजे लालसर तपकिरी, .६ लाल. म्हणून १.० हा साधा काळा आणि १.१ म्हणजे तुम्ही म्हणता तो ब्लू ब्लॅक. पण सगळ्या कंपन्यांचे नंबर तंतोतंत जुळत नाहीत, एकाचा ३ दुसऱ्याच्या ४ एवढा दिसू शकतो, तेव्हा कंपनी बदलली तर नंबरावर विसंबून राहू नका.

आता ताईंचा खरा प्रश्न. डब्यावरचा नॅचरल ब्लॅक हा बहुतेक कंपन्यांत १ असतो, म्हणजे काळ्यातला शेवटचा काळा. आपल्या लोकांचे केस काळे म्हणतो पण दहा जणींना उन्हात उभं करा, बऱ्याच जणींचे २ किंवा ३ निघतील, अगदी १ असलेल्या थोड्याच. शिवाय खरा केस एकसारखा नसतो. मुळाशी गडद, टोकाला उन्हानं फिकट, एक बट जरा तांबूस, एक जास्त काळी. हे सगळं मिळून डोळ्याला मऊ काळं दिसतं. १ नंबर लावला की सगळे केस एकाच रंगाचे होतात, म्हणून तुम्हाला गठ्ठा दिसतोय. आणि वयाप्रमाणं चेहऱ्याचा रंग पण बदलतो, कातडी थोडी फिकी पडते, भुवया विरळ होतात. त्याच्याभोवती एकदम गडद काळं आलं की डोळ्याखालची सावली, नाकाजवळच्या रेषा सगळ्या पुढं येतात. विशीतल्या मुलीला तोच काळा शोभतो, चाळिशी-पन्नाशीत तो चेहरा ओढून धरतो.

मी गिऱ्हाइकाला शेड कार्ड दाखवायच्या आधी तिच्या भुवया बघते. रंगवलेल्या नव्हे, मूळच्या. भुवई जेवढी गडद तेवढाच किंवा त्याहून एक पायरी फिकट केस चेहऱ्याला बसतो. मग डोळ्याचं बुबुळ बघते, आपल्यात बहुतेकांचं तपकिरीच असतं, पण गडद तपकिरी की मधासारखं हे बघायचं. गव्हाळ, पिवळसर झाक असलेल्या कांतीला साधा ३ बहुतेक वेळा बसतो. गोऱ्या आणि जरा वय झालेल्या बाईला ४ चांगला. सावळा रंग, काळेभोर डोळे, दाट भुवया असल्या तर २ देते, १ पण चालतो, तिथं तो नैसर्गिक दिसतो कारण तिचं सगळंच गडद असतं. गालावर लाली किंवा वांग असेल तर बरगंडी, महोगनी घेऊ नका, ती लाली दुप्पट दिसते. ब्लू ब्लॅक सावळ्या, तरुण, नितळ चेहऱ्याला फार सुंदर दिसतो, पिवळसर गव्हाळ रंगाला मात्र आजारी दाखवतो. तुम्ही नका घेऊ.

पांढरे किती आहेत त्यावर पण खूप काही आहे. पांढऱ्या केसात स्वतःचा रंगच नसतो त्यामुळं डब्यातली शेड त्याच्यावर आहे तशी उघडी दिसते, काळ्या केसावर तीच शेड दिसतच नाही. म्हणून ४ नंबर काळ्या केसाच्या मुलीला लावला तर ती म्हणते काहीच झालं नाही, आणि पूर्ण पांढऱ्या बाईला लावला तर चक्क ब्राऊन होते, उन्हात लालसर. थोडेच पांढरे असले, म्हणजे पाचात एखादा, तर ४ नं ते पांढरे ब्राऊन होऊन काळ्यात मिसळतात आणि छान खेळ दिसतो. तुमच्यासारखे पुढनं निम्मे पांढरे आणि मागं काळे असतील तर ४ नं पुढचा भाग वेगळा पडेल. तुम्हाला ३.

पण एक अडचण आहे. तुमच्या लांबीवर आधीच १ बसलाय. कलरवर कलर लावून केस फिकट होत नाही, हे नीट लक्षात घ्या. आता सगळ्या डोक्याला ३ लावला तरी खालचे केस १ च राहणार, फक्त मुळाशी नवीन आलेले ३ होतील आणि भांगेत दोन रंग दिसतील. शिवाय डोक्याच्या उष्णतेनं मुळाशी रंग जरा फिकट आणि तांबूसच बसतो. लग्नाच्या तोंडावर जुना काळा काढायला ब्लीच करू नका, केसांची वाट लागते आणि संत्र्यासारखा रंग येतो. एकाच कंपनीचे, एकाच प्रकारातले १ आणि ३ घ्या, दोन्ही ट्यूबमधलं निम्मं निम्मं क्रीम आणि त्या प्रमाणात डेव्हलपर (डब्यातल्या दुसऱ्या बाटलीतलं), आणि फक्त मुळांना लावा. ते २ च्या आसपास येतं. सरळ २ मिळाला तर उत्तमच. त्याच्या पुढच्या वेळी नुसता ३. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, टोकं कापत राहिलात की हळूहळू जुना काळा निघून जाईल. आंबाडा किंवा वेणी घालणाऱ्या बाईचं तर तेवढं लक्षात पण येत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

अक्का, किती सविस्तर लिहिलंत. आरशासमोर जाऊन भुवया बघून आले, खरंच त्या काळ्या नाहीत, गडद तपकिरी आहेत, हे इतक्या वर्षांत कधी निरखलंच नव्हतं. आणि १ वर ३ लावून काही उपयोग नाही हे तर माहीतच नव्हतं, मी तीन डबे आणून सगळ्या डोक्याला लावणार होते.

शहापूरकरीण

अक्कांनी उन्हात उभं करा म्हटलंय त्याला जोडून सांगते. मी शहापुरात खडेबाजारला साडीच्या दुकानात आहे. आमच्याकडं काळ्या साड्यांचा गठ्ठा ट्यूबलाइटखाली ठेवला तर सगळ्या एकच वाटतात, दारात नेऊन धरल्या की एक निळी मारते, एक चॉकलेटी, एक हिरवट. म्हणून जाणती गिऱ्हाईक साडी उंबऱ्यावर नेऊनच बघते. केसांचं अगदी तसंच आहे. दुकानात पांढऱ्या लाइटखाली शेड कार्ड बघून घेऊ नका, दुकानदाराला सांगून बाहेर उजेडात आणा, काही म्हणत नाहीत ते. आणि कार्डावरचे झुपके पांढऱ्या धाग्यावर रंगवलेले असतात, म्हणजे तो रंग तुमच्या पांढऱ्या केसांवर येणार, काळ्यांवर नाही.

आणखी एक, डब्यावरच्या बाईच्या फोटोवर काही ठरवू नका. डब्याच्या बाजूला छोट्या चौकटी असतात, आधीचा केस असा असेल तर नंतर असा दिसेल, त्या बघा. त्यात पांढऱ्या केसांची चौकट असली तर तीच तुमची.

दुकानात मुलगी बघायला आलेल्या, लग्नाच्या बस्त्याला आलेल्या बायका रोज बघते मी. काठपदराच्या गडद साडीवर एकदम काळे केस आणि सोन्याचं, हे मिळून चेहरा हरवतो. लग्नात हिरवी किंवा जांभळी नेसणार असाल तर ३ च्या केसांवर फार खुलेल.

प्रयोगवही (चिक्कोडी)

मी रसायनशास्त्र शिकवतो. अमोनिया फ्रीचा प्रश्न मागं पडायला नको म्हणून लिहितोय.

पर्मनंट कलरमध्ये दोन भाग असतात. एका ट्यूबमध्ये रंगाचे कच्चे रेणू, दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. रेणू फार लहान असतात आणि त्यांना स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, म्हणून क्रीम पिळलं की पांढरं निघतं. अमोनिया केसाचं वरचं खवल्यांचं आवरण फुगवतो, रेणू आत शिरतात, तिथं पेरॉक्साइडशी मिळून एकमेकांना जोडले जातात आणि मोठे रंगीत रेणू तयार होतात जे बाहेर येऊ शकत नाहीत. म्हणून तो धुतला तरी जात नाही. वाटीत कालवलेलं क्रीम हळूहळू काळं पडतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळं आणि पेरॉक्साइडमुळंच.

काळ्या आणि गडद शेडमधला मुख्य रेणू म्हणजे पॅराफेनिलिनडायामिन, पीपीडी. शेड जितकी गडद तितका तो साधारणपणे जास्त लागतो. युरोपात डोक्यावर लागणाऱ्या मिश्रणात तो २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. हा पदार्थ नवा नाही, १९ व्या शतकापासून माहीत आहे, आणि १९०७ साली पॅरिसमध्ये ऑजेन श्युलर या रसायनशास्त्रज्ञानं केसांचा कृत्रिम कलर बनवून विकायला सुरुवात केली, पुढं त्यातूनच लोरेआल उभी राहिली.

तर अमोनिया फ्री म्हणजे अमोनियाच्या जागी बहुधा मोनोइथेनॉलअमाइन वापरलेलं असतं. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, एवढा फायदा खरा. पण पीपीडी किंवा त्याचा भाऊबंद टोल्यूइनडायामिन त्यात बहुतेक वेळा असतोच. ॲलर्जी बहुतांशी याची येते, अमोनियाची नाही. म्हणून अमोनिया फ्री आहे म्हणून आधी कातडीवर टेस्ट न करता लावणं चूक. हर्बल, आयुर्वेदिक असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी डबा उलटा करून घटक वाचा.

सिस्टर (बेळगाव)

दवाखान्यात काम करते, त्यामुळं वरच्या सरांच्या शेवटच्या ओळींना माझं अनुमोदन. कलरची रिॲक्शन घेऊन येणारे लोक हमखास म्हणतात, अहो सिस्टर, इतकी वर्षं हाच लावतोय, कधी काही झालं नाही. ॲलर्जी अशीच असते, शरीर हळूहळू तयार होतं आणि एक दिवस उसळतं. म्हणून पॅच टेस्ट पहिल्याच वेळी नाही, दर वेळी. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागं थोडासा कलर पत्रकात सांगितल्याप्रमाणं लावायचा आणि ४८ तास वाट बघायची. खाज, लाली, पुरळ, फोड काहीही आलं तर तो कलर लावायचा नाही, आणि दुसऱ्या कंपनीचा पण लगेच आणायचा नाही कारण आत घटक तोच असतो.

रिॲक्शन येते तेव्हा डोक्यापेक्षा पापण्या, कान आणि मान जास्त सुजतात. बऱ्याचदा लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं त्यामुळं लोकांना वाटतं काहीतरी चावलं असेल. भरपूर पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, घरातलं कुठलंही मलम चोळू नका. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर वाट न बघता दवाखाना गाठा.

जत्रेत मुलांच्या हातावर काळ्या मेहंदीचे टॅटू काढतात ते काढू देऊ नका. मेहंदी काळी नसते, बऱ्याचदा त्यात पीपीडी मिसळलेला असतो आणि लहानपणी एकदा अंगाला त्याची ॲलर्जी बसली की मोठेपणी केसांच्या कलरनं फार त्रास होतो. आणि भुवयांना, पापण्यांना डाय कधीच नाही, डब्यावर तशी सूचना छापलेली असते की त्यानं अंधत्व येऊ शकतं. मामा, मिशीचं नंतर अक्का सांगतीलच पण टेस्ट तुम्ही पण करा, नाकाखालची कातडी नाजूक असते.

अथणीची सून

मला डायची पुरळ येते म्हणून मी मेहंदी आणि नीळ लावते, नीळ म्हणजे कपड्याची नव्हे, नीलीच्या पाल्याची पावडर, इंडिगो म्हणून मिळते. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी लिहिते.

आधी साधी शुद्ध मेहंदी भिजवून दोन-तीन तास लावायची. पांढरे केस भगवे होतात, घाबरायचं नाही. नुसत्या पाण्यानं धुवायचं, शाम्पू नाही, केस कोरडे करायचे. मग इंडिगो पावडर कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून कालवायची, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायची आणि लगेच लावायची, मेहंदीसारखी रात्रभर भिजवून ठेवली तर ती मेलीच म्हणायची. तास-दीड तासानं धुवायचं. सुरुवातीला हिरवट दिसतं, दोन दिवसांत हवेनं काळं होत जातं, तोपर्यंत शाम्पू लावायचा नाही. इंडिगो जास्त वेळ ठेवली तर काळा, कमी ठेवली किंवा मेहंदीत मिसळूनच लावली तर ब्राऊन. मेहंदी न लावता नुसती इंडिगो पांढऱ्या केसावर लावली तर निळसर-हिरवट रंग येतो, ते करू नका.

ह्याचा काळा मला डायपेक्षा आवडतो कारण प्रत्येक केस थोडा वेगळा रंगतो, एकसारखा सपाट होत नाही. पण अर्धा दिवस जातो हे खरं, आणि आमच्याकडं बोअरचं जड पाणी, केस राठ होतात म्हणून शेवटचं धुणं साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं करते. दुकानात काळी मेहंदी म्हणून मिळते ती ही नव्हे, तिच्यात बहुधा डायच असतो, मला तिनंच पहिल्यांदा पुरळ आली होती.

वडगावची अक्का

अथणीच्या वैनींनी बरोबर सांगितलं. त्यात भर एवढीच की इंडिगोवर नंतर कधी ब्लीच केलं तर केस हिरवे होऊ शकतात. आणि काही मेहंदी पावडरींत धातूचे क्षार असतात, त्याच्यावर पेरॉक्साइडचा डाय लावला तर केस तापतो, तुटतो. म्हणून मेहंदीवाल्या केसाला डाय लावायचा असेल तर विंचरताना निघालेले थोडे केस घेऊन त्यावर आधी लावून बघायचं.

चंदगड बॉर्डर

मी चंदगडची, माहेर बेळगाव. सगळं वाचलं. मी मागच्या वर्षी कलर बंदच केला आणि पांढरे ठेवले, मला फार मोकळं वाटलं. ताई, लग्नात पांढरे केस घेऊन गेलात तरी कोण काही बोलणार नाही, असा पण विचार करून बघा.

मलप्रभाकाठ (खानापूर)

तुमचं पटतं हो, आणि एक दिवस मी पण थांबवीन. पण आत्ता मला काळेच केस हवेत, लोकांसाठी नाही, मला स्वतःला आरशात ते आवडतात म्हणून. शाळेत मुलं पण लगेच ओळखतात की बाई आज छान दिसताय. फक्त ते माझ्या चेहऱ्याचे वाटले पाहिजेत.

अक्का, अजून एक विचारते. आई ७२ वर्षांची, तिला पण लावून हवाय, पूर्ण पांढरे केस आहेत तिचे आणि रंग गोरा. तिला काय देऊ? पत्रक इंग्रजी-हिंदीत आहे आणि तिला मराठीच वाचता येतं, म्हणून लावायची रीत मी लिहून देणार आहे, ती पण जरा सांगाल का?

वडगावची अक्का

आईंना १ अजिबात नको. पूर्ण पांढऱ्यावर काळा लावला की आठवड्या-दीड आठवड्यात भांगेत पांढरी रेघ येते आणि ती लांबनं दिसते, मग त्या सारख्या लावत बसणार. त्यांना साधा ४ द्या, पॉइंटनंतर लाल-तांब्याची झाक नसलेला. मुळं पांढरी आली तरी ब्राऊनमध्ये तेवढी टोचत नाहीत. ४ उन्हात फार तांबूस वाटला तर पुढच्या वेळी त्यात थोडा ३ मिसळा. आणि टेस्ट पहिली, त्यांनी कधीच लावला नसेल तर जास्तच गरजेची.

रीत अशी. आदल्या दिवशी साध्या शाम्पूनं न्हायचं, तेल लावायचं नाही, आपल्या बायका कलरच्या दिवशी सकाळी खोबरेल चोपडून येतात आणि मग रंग बसत नाही म्हणतात. त्या दिवशी केस कोरडे ठेवायचे. कपाळाच्या कडेनं, कानावर व्हॅसलीन. हातमोजे घालायचेच. स्टीलच्या वाटीत कालवू नका, प्लास्टिक किंवा काचेची घ्या. सुरुवात जिथं पांढरे जास्त आणि चिवट तिथनं, म्हणजे भांग आणि कानशील, मागचं शेवटी. मुळांना भरपूर, पातळ थर दिला तर पांढरे उघडे राहतात. जेवढा वेळ डब्यावर लिहिलाय तेवढाच, जास्त ठेवला म्हणून रंग पक्का होत नाही, कातडीलाच त्रास. लांबीचा रंग उतरलेला असेल तर शेवटची पाच मिनिटं थोडं पाणी लावून खाली ओढायचं, दर वेळी टोकापर्यंत लावायचं नाही, थरावर थर चढून टोकं कोळसा होतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. उरलेलं कालवलेलं क्रीम बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, आत गॅस तयार होऊन बाटली फुटू शकते, टाकून द्या.

मामा, मिशीसाठी वेगळी शेड नसते पण मिशीचा केस जाड आणि कातडी लगेच खाली, त्यामुळं डोक्याचीच शेड तिथं जास्त काळी दिसते. डोक्याला जे लावता त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट घ्या, डोक्याला काळा असेल तर मिशीला ३ किंवा ४. पावडर डाय पातळ कालवून लावला की ओठावर ओघळतो, मिशीला क्रीमचा कलर छोट्या ब्रशनं, आधी भोवती व्हॅसलीन, आणि वेळ कमी, मध्येच पुसून बघायचं. दाढीमिशीसाठी म्हणून लिहिलेले कलर मिळतात ते बघा. सगळी मिशी रंगवायचीच असं पण नाही, थोडे पांढरे राहू द्या, पुरुषाला ते खरं दिसतं.

निपाणीचा मामा

चालतंय अक्का, लई आभार. ४ आणतो मिशीला, आधी हातावर लावून बघतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

शनिवारी गणपत गल्लीत जाऊन आले. २ काही मिळाला नाही, म्हणून एकाच कंपनीचे १ आणि ३ घेतले आणि आईसाठी ४. शहापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणं कार्ड दुकानाबाहेर नेऊन बघितलं, आत जो ३ मला काळाच वाटत होता तो बाहेर गडद चॉकलेटी निघाला. दोघींची टेस्ट केली, दोन दिवस काही आलं नाही. काल निम्मं-निम्मं मिसळून फक्त मुळांना लावला. आज सकाळी अंगणात बघितलं, भुवया आणि केस पहिल्यांदा एका घरचे वाटले, भांगेजवळ अगदी किंचित फरक आहे पण तो मलाच दिसतो. आईचा उद्या लावते.

आता लग्न १० दिवसांवर आहे, मधे परत हात लावावा लागेल काय?

वडगावची अक्का

नको. १० दिवसांत ३-४ मिलिमीटर वाढेल, लग्नाच्या सकाळी भांगेत फार दिसलं तर काळं-तपकिरी रूट टचअप स्प्रे किंवा पावडर मिळते ती मारा, न्हायल्यावर निघून जाते. आईंचं मात्र पूर्ण पांढरं आहे, त्यांना उद्याऐवजी लग्नाच्या चार-पाच दिवस आधी लावा, टेस्ट झालीच आहे. तुमची पुढची वेळ पाच-सहा आठवड्यांनी, आणि तेव्हा १ ची उरलेली ट्यूब काढायची नाही, नुसता ३.